पंचतत्त्वांच्या साधनेत नव्याने येताय? आधी मातीत बसा

भूतशुद्धी शिकतेय असं आईला सांगितलं, तेव्हा पोळी तव्यावर तशीच ठेवून तिनं विचारलं, ‘कुणाला लागलंय गं?’ ही भुतं ती नव्हेत, हे समजावेपर्यंत पोळी करपली. ही पंचमहाभूतं: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. ठाण्यात वर्तकनगरच्या घरात, ऐरोलीची नोकरी सांभाळून, सहा वर्षं या पाचांबरोबर बसतेय. नवे लोक विचारतात म्हणून लिहितेय, चुकांसकट.

पहिली चूक अग्नीची. बहुतेकांची तीच असते, कारण समई घरात असतेच आणि ज्योतीकडे बघितलं की काहीतरी घडतंय असं वाटतं. पैसे भरून एका शिबिराला गेले. पहिल्याच दिवशी त्राटक, म्हणजे ज्योतीकडे एकटक बघणं, आणि ‘रं’ हा अग्नीचा बीजमंत्र, रोज अर्धा तास. तीन आठवड्यांत डोळे चुरचुरायला लागले, झोप उडाली, नवऱ्याशी आमटीतल्या मिठावरून कडाक्याचं भांडण झालं. शिबिरवाले म्हणाले, शुद्धी चाललीये. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, बंद करा. मी डॉक्टरांचं ऐकलं.

पुढे जांभळी नाक्याजवळच्या एका वयस्कर साधकांनी एकच सांगितलं, ‘आधी खाली बसायला शीक.’ घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथातल्या पाच धारणाही, म्हणजे एकेका तत्त्वावर मन धरून ठेवणं, पार्थिवीपासूनच, म्हणजे पृथ्वीपासूनच सुरू होतात. तिथं प्रत्येकीला पाच घटिका, म्हणजे दोन तास सांगितलेत. घाबरू नका, मी दहा मिनिटांवर सुरुवात केली. पृथ्वीचा आकार पिवळा चौकोन, बीज ‘लं’, आणि तिचा स्वतःचा गुण गंध. म्हणून त्या साधक काकांनी चित्र डोळ्यांसमोर आणायच्या आधी नाकाला कामाला लावलं. तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती, तिच्यावर दोन थेंब पाणी, वास घ्यायचा, डोळे मिटायचे, बूड जमिनीला कुठं कुठं टेकलंय ते बघत राहायचं. चार महिने एवढंच. कंटाळा येतो, भयंकर येतो. पण नंतर जे काही केलं ते या बैठकीवरच उभं राहिलं.

आता घोटाळ्याबद्दल, कारण टॅरोमधून, म्हणजे भविष्याच्या पत्त्यांमधून या वाटेला आलेले अर्धेअधिक जण इथंच अडकतात. ग्रीकांची तत्त्वं चार. इ. स. पू. पाचव्या शतकात एम्पिडोक्लीजनं ती मांडली. त्यांच्या उतरंडीत अग्नी सगळ्यात वर, वाऱ्याच्याही वर. आपल्याकडे आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी, पाण्यातून पृथ्वी; म्हणजे अग्नी वायूच्या खाली. 1888 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळींनी आपलीच तत्त्वं उचलून ध्यानाचे पत्ते बनवले. त्यांत वायू निळं वर्तुळ, तर षट्चक्रांच्या वर्णनात तो धुरकट षट्कोन. बरोबर कोण, यावर मी रात्री जागवल्यात. त्या झोपण्यात घालवल्या असत्या तर बरं झालं असतं. कुठलीही एक पद्धत घ्या आणि वर्षभर दुसरीकडे बघू नका.

पाण्याची साधना घरच्या तांब्यावर होते. मासुंदा तलावाच्या काठी बसायला हरकत नाही, फक्त त्यात काही सोडू नका. येऊरला बसा, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, धूप-दिवे घरी.

वायूला मात्र वेळ द्या. शिवस्वरोदय या श्वासावरच्या जुन्या ग्रंथात श्वास नाकाबाहेर किती अंगुळं जातो यावरून तत्त्व ओळखायला सांगितलंय: अग्नी चार, वायू आठ, पृथ्वी बारा, पाणी सोळा. दुसरी खूण आरशाची. आरशावर श्वास सोडायचा आणि वाफेचा आकार बघायचा. चौकोन, अर्धचंद्र, त्रिकोण, वर्तुळ किंवा नुसते ठिपके. ठाण्याच्या मे महिन्यात आरशावर वाफ धड धरतच नाही. डिसेंबरच्या पहाटे धरली, तर मला दोन वाकड्या पाकळ्या दिसल्या, त्यातली एक मोठी. रोज त्याच. चौकोन आजतागायत दिसलेला नाही, आणि दिसला म्हणून खोटं सांगणार नाही. पण त्या नादात कुठली नाकपुडी कधी चालते याकडे लक्ष जायला लागलं, ते कामाचं निघालं.

आकाशाचा गुण शब्द. कोपिनेश्वराच्या देवळात कुणी घंटा वाजवली की नाद संपेपर्यंत त्याच्या मागे जायचं, बस्स. शनिवार-सोमवार टाळा, एक घंटा संपायच्या आत चार वाजतात.

‘तत्त्वं जागवून’ आजार घालवतो, नोकरी लावतो म्हणणारा भेटला तर पाकीट सांभाळा. चमत्काराच्या नावावर लुबाडणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. स्फटिकांचे संचही नकोत. माझा माळ्यावर पडलाय.

विकत घ्यायचीच असेल तर दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, रात्री झोप किती झाली, कुठली नाकपुडी, काय झालं. माझ्या पहिल्या वहीत शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ एकशे बारा वेळा आहे. एकदा ‘खूप प्रकाश दिसला’ असंही आहे. शेजारी, नंतर लिहिलेलं, ‘समोरच्या इमारतीतला हॅलोजन’.