नातवाचा जीपीए आणि माझी लाल वही

जूनमध्ये लेकीचा न्यू जर्सीहून फोन आला. आमच्याकडे सकाळचे सात, तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ. "बाबा, नववीचा जीपीए ३.५ आला."

"म्हणजे टक्के किती?"

"टक्के नसतात हो! जीपीए म्हणजे ग्रेडच्या गुणांची सरासरी, चारपैकी."

अप्पा बळवंत चौकातून लाल बांधणीची वही आणली आणि बसलो. उभा जन्म बँकेत गेला, आकड्यांना काय घाबरायचं!

पहिल्याच दिवशी चुकलो. ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १, एफ शून्य. सात विषयांची बेरीज २४, भागिले सात, ३.४३. अर्धा तास मी शाळेलाच नावं ठेवत होतो. मग क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या वजनाचा, रकाना दिसला. व्याजासाठी आम्ही शिल्लक गुणिले दिवस करून 'प्रॉडक्ट' काढायचो, अगदी तेच इथे: क्रेडिट गुणिले गुण.

इंग्रजी, बायॉलॉजी, स्पॅनिश एकेक क्रेडिटचे, तिन्हीत ए, झाले १२. अल्जिब्रा आणि इतिहासात बी, ६. पीटी अर्ध्या क्रेडिटची, ए, म्हणून २. कॉम्प्युटरही अर्धा, तिथे सी (दिवसभर मोबाइल हातात असून!), म्हणून १. एकूण २१, भागिले ६ क्रेडिट, ३.५. जुळलं.

दरवर्षीच्या जीपीएची सरासरी काढू नका. क्रेडिट कमीजास्त असतील तर उत्तर चुकतं. पासबुकासारखं करा, प्रॉडक्ट आणि क्रेडिट, दोन्हींची बेरीज पुढे ओढत न्या. दहावीत सहाही क्रेडिटना ए मिळाला तर ४५ भागिले १२, ३.७५. अकरावीतही तसंच झालं तर ३.८३. बारावीअखेर ३.८७५. लेकीला ३.९ हवा होता. तो आता या हिशोबात बसतच नाही, हे मी तिला फोनवर सांगितलं नाही, व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शिवाय कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या सहामाहीतच जातात, तेव्हा अर्जासोबत बहुतेक अकरावीपर्यंतचाच आकडा जाणार.

काही शाळा ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३ देतात, काही अधलंमधलं काही देत नाहीत. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला बऱ्याच ठिकाणी एक गुण जास्त, म्हणजे ए ला ५. तो वेटेड जीपीए, त्याला वहीत वेगळं पान. शाळेचे नियम आधी मागून घ्या.

सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "टक्के हवेत तर साडेनऊने गुणा की!" तो सीबीएसईच्या दहापैकीच्या सीजीपीएचा जुना हिशोब, इथे ३३ टक्के येतील आणि पोरगं काठावर येऊन बसेल. २५ ने गुणूनही उपयोग नाही. बऱ्याच शाळांत ८० ला बी आणि ८९ लाही बीच. आपल्याकडे ७५ ला डिस्टिंक्शनचे पेढे वाटतात, तिकडे ७५ म्हणजे बहुतेक सी.