साक्षीला उभं राहण्याआधी

अमळनेरच्या कोर्टात बांधाच्या भांडणाचा साक्षीदार आला की मी आधी एकच विचारतो, "भाऊ, तुम्हाला हे कसं माहीत?" उत्तर ठरलेलं: "सगळ्या गावाले माहीत शे." कोर्टात हे चालत नाही.

तर घरी बसून असं करा. बांध कोरला म्हणता ना? नांगर चालताना स्वतः पाहिला असेल, तर तेवढंच सांगा. सकाळी उकरलेली माती आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे वण शेजारच्या कपाशीकडे जाताना दिसले असतील, तर माती आणि वण सांगा. 'त्यानेच कोरला' हा तुमचा तर्क. तो काढायचं काम न्यायाधीशांचं. मेव्हण्याने पाहिलं असेल, तर मेव्हण्यालाच आणा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 55वं कलम तेच मागतं: पाहिलेल्याची साक्ष पाहणाऱ्याचीच. प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं), अनुमान (तर्काने काढलेलं), शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं) हा न्यायदर्शनातला, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या तर्कशाखेतला, जुनाच वाद आहे. (1916 साली आमच्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर निघालं, पण अशील तिकडे कशाला फिरकतोय!)

सातबारा सोबत ठेवा, पण त्याच्या जोरावर उड्या मारू नका. महसूल संहितेच्या 157व्या कलमाने त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी लागेल.

उलटतपासणीत वकील म्हणेल, "तेव्हा अंधार होता ना?" होता तर होता म्हणा. आठवत नसेल तर तसं सांगा. अंदाजाने वेळ ठोकून दिलीत, तर पुढचे सगळे प्रश्न त्या वेळेवरच येतील.