जुन्या लॅपटॉप सेलपासून सायकलची 36 व्होल्टची बॅटरी: वेल्डिंग सोपंय, सेल निवडणं अवघड

आधीच सांगतो, फक्त पैसे वाचवायला हे करायचं असेल तर नका करू. सेल टेस्टर, स्पॉट वेल्डर, निकेल पट्टी, बीएमएस (सेलच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज सांभाळणारं सर्किट), डबा असं करत करत पहिल्या पॅकला बराच खर्च होतो. हातानं काही करायची हौस असेल, दोन-तीन महिने धीर असेल आणि काम करायला घरातली पोरंबाळं येणार नाहीत अशी जागा असेल, तरच पुढे वाचा.

मी इथे 250 वॉट मोटरची, ताशी 25 च्या आतली साधी सायकल धरलीये. स्कूटरला जुने सेल लावायचा विचारही करू नका, तिथे करंट फार लागतो.

आता हिशेब. 18650 सेल म्हणजे 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब, नॉमिनल 3.6-3.7 व्होल्ट, फुल चार्ज 4.2. असे 10 सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, 36 व्होल्ट, फुल झाल्यावर 42. मोटर साधारण 7 अँपिअर खाते पण चढावर कंट्रोलर 14 पर्यंत ओढतो, आणि लॅपटॉपचे सेल काही पॉवर टूलचे सेल नव्हेत, त्यांच्याकडून प्रत्येकी 2 अँपिअरच्या वर अपेक्षा ठेवू नये. म्हणून 7 पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडून करंट वाटून घ्यायचा. 10 गुणिले 7, 70 सेल. प्रत्येकी 2000 एमएएच (मिलीअँपिअर-आवर, म्हणजे सेलची कपॅसिटी) मिळाले तर 14 अँपिअर-आवर, म्हणजे 500 वॉट-आवर, थोडं पेडल मारत गेलात तर 30-35 किलोमीटर आरामात.

70 चांगले हवेत तर दीडशे तरी गोळा करा, निम्मे बाद होणार हे धरूनच चालायचं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर गावातला लॅपटॉप रिपेअरवाला, त्याच्याकडे जुन्या बॅटऱ्यांचं पोतं असतंच. 6 सेलवाल्या जाड बॅटऱ्या घ्या, हल्लीच्या चपट्या लॅपटॉपमध्ये पाऊच सेल (चपट्या पिशवीसारखे) असतात, ते इथे कामाचे नाहीत. पॅक उघडताना स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका, प्लास्टिकच्या पट्टीनं शिवण उचकटा. आतली पट्टी निपरनं एका वेळी एकच कापायची, दोन एकदम कापल्या तर निपरच शॉर्ट करतो. घड्याळ, अंगठी आधी काढून ठेवा.

आता खरं काम. गंजलेला, पोचा पडलेला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणारा सेल सरळ बाजूला. मग मल्टिमीटर लावा. 2 व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत चार्ज होतो, दिसतोही ठणठणीत, पण इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि चार्ज करताना ते भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, त्यामुळे मोह नको. रॅपरवरचा मॉडेल नंबरही नेटवर बघून घ्या, काही सेल 4.35 व्होल्टचे असतात, ते यात मिसळू नका. उरलेले 0.5 अँपिअरनं चार्ज करा आणि मधूनमधून हात लावून बघा, स्पष्ट गरम लागला की बाद. फुल झाल्यावर प्रत्येकावर मार्करनं व्होल्टेज आणि तारीख लिहून दोन आठवडे फळीवर ठेवून द्या. हीच पायरी लोक गाळतात. दोन आठवड्यांनी 4.1 च्या खाली आला तो सेल आतून गळतोय, कपॅसिटी कितीही चांगली दाखवू दे. मग टेस्टरवर डिस्चार्ज करून कपॅसिटी घ्या, 2200 चा सेल 1800 च्या खाली देत असेल तर टॉर्चला वापरा.

निवडलेले 70 असे वाटा की दहाही गटांची बेरीज जवळपास सारखी येईल, सिरीजमध्ये सगळ्यात अशक्त गट आधी संपतो आणि पॅक तिथेच बंद पडतो. पॅरलल जोडण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज सारखं करा, 0.05 पेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जोडल्या क्षणी एक दुसऱ्यात ओततो.

सेलला डायरेक्ट सोल्डर करू नका, उष्णतेनं आतलं सील आणि सेपरेटर (दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पडदा) जातं. स्पॉट वेल्डिंगच. पट्टी शुद्ध निकेलची, 0.15 मिमी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड सर्रास खपवतात, तुकड्यावर ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात टाका, एक-दोन दिवसांत गंजला की कळलं. सेलचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो, पॉझिटिव्ह टोकाशी फक्त रॅपरची कड मधे असते, म्हणून तिथे प्रत्येकाला फिश पेपरची (वीज न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची) चकती हवीच.

बीएमएस 10 सिरीज, 20 अँपिअरचा. बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक गटातून बीएमएसकडे जाणाऱ्या, बारीक वायरी लावून झाल्या की कनेक्टर लगेच खोचू नका. मीटरची काळी पिन पॅकच्या निगेटिव्हला ठेवा आणि लालनं एकेक पिन मोजा, 3.7, 7.4, 11.1 असं 37 पर्यंत चढत जायला हवं. मधे कुठे उडी दुप्पट आली किंवा आकडा तोच राहिला तर वायर चुकलीये, आणि तसंच खोचलं तर बीएमएस गेलाच समजा. पॉझिटिव्हवर पॅकच्या अगदी जवळ डीसी फ्यूज टाका.

पहिलं चार्जिंग उघड्यावर, फरशीवर, शेजारी बसून. 2 अँपिअरच्या चार्जरला 7 तासांच्या वर लागतात म्हणून लोक रात्री लावून झोपतात, ते अजिबात नको, आणि जिन्यात किंवा दाराजवळ तर कधीच नको, काही पेटलं तर बाहेर पडायची वाटच बंद. 41 व्होल्टला थांबणारा चार्जर मिळाला तर उत्तम, रेंज थोडी घटते पण सेल जास्त टिकतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी उन्हातून आलात तर पॅक आधी सावलीत गार होऊ द्या, 45 अंशांच्या वर चार्ज करायचं नाही. पावसाळ्यात वायर डब्यात खालच्या बाजूनं शिरेल असं करा.

महिन्यातून एकदा गटांचं व्होल्टेज मोजा. एकच गट दर वेळी मागे पडत असेल तर त्याला वेगळं चार्ज करून वर आणत बसू नका, त्यात एक गळका सेल आहे, तो शोधून काढेपर्यंत सायकल उभीच ठेवा. बाद सेलच्या टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.