काउंट आणि पल्स सारखेच? मग आकडा खोटा

१५ एमव्ही (मेगाव्होल्ट) लिनॅकच्या, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राच्या, खोलीत रेम काउंटर (न्यूट्रॉनचा डोस मोजणारं उपकरण) सेकंदाला जवळपास मशीनच्या पल्सइतकेच काउंट दाखवत असेल, तर त्यावर अजिबात विसंबू नका. न्यूट्रॉन काही मायक्रोसेकंदांच्या झोतात सुटतात. काउंटरभोवतीच्या पॉलिथिलीनमधून (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा मॉडरेटर) जाताना ते वेळेत थोडे पांगतात खरे, पण एक मोजून काउंटर सावरेपर्यंत बाकीचे निसटतात. आकडा कमी दिसतो, माणूस निर्धास्त होतो. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

त्यापेक्षा मॉडरेटरच्या मध्यभागी इंडियमची चकती ठेवा (अर्थात, त्याच मांडणीत कॅलिब्रेट केलेली) आणि बीम बंद झाल्यावर न्यूट्रॉनमुळे तिच्यात आलेली किरणोत्सारिता बाहेर मोजा. तिचं अर्धायुष्य (ती निम्मी व्हायला लागणारा वेळ) अवघं ५४ मिनिटं, म्हणून बीम थांबल्याची वेळ मिनिटासकट तिथल्या तिथे लिहा.