आलेखात भलत्याच रेघा जोडल्या जातात तेव्हा

पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीचं प्लॉट फंक्शन बिंदू जोडताना एक्सची किंमत बघत नाही. पहिल्या ओळीतला बिंदू दुसऱ्या ओळीतल्या बिंदूला, दुसरा तिसऱ्याला, अशी डेटातल्या क्रमानेच रेघ ओढली जाते. म्हणून फक्त बिंदू काढणारं स्कॅटर वापरून रेघा झाकण्याची घाई करू नका. क्रम बिघडलेला तसाच राहतो आणि पुढे डिफ (लागोपाठच्या किमतींतला फरक) किंवा रोलिंग (सरकती) सरासरी काढली की आकडे चुकतात.

आधी प्रत्येक बिंदूवर तात्पुरता मार्कर, म्हणजे खूण, लावा आणि रेघेचा आकार नीट बघा. निदान बहुतेक वेळा तिथेच होतं.

सगळीकडे गिचमीड दिसत असेल, तर एक्स क्रमाने लावलेला नाही. तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीत सॉर्ट व्हॅल्यूज चालवा, पण उत्तर पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवा. नुसतं चालवल्याने मूळ तक्ता बदलत नाही. डेटा नम्पाय या लायब्ररीच्या ॲरेंत, म्हणजे आकड्यांच्या याद्यांत, असेल तर एक्स आणि वाय वेगवेगळे सॉर्ट करणं ही घातक चूक आहे, कारण जोड्याच तुटतात. एक्सवर आर्गसॉर्ट करा आणि मिळालेला क्रम दोन्ही ॲरेंना लावा. तारखा मजकूर म्हणून वाचल्या गेल्या असतील तर त्यांचं सॉर्टिंगही अक्षरांनुसार होतं. आधी टू डेटटाइम वापरा, आणि दिवस आधी लिहिलेला असेल तर डेफर्स्ट ट्रू द्या. मात्र वाहनाचा मार्ग किंवा बंद वक्र काढत असाल तर सॉर्ट करू नका. तिथे ओळींचा क्रम हीच माहिती असते.

उजव्या टोकाकडून डावीकडे एकच तिरपी रेघ परत येत असेल, तर एकाच कॉलममध्ये अनेक गट एकाखाली एक रचलेले आहेत, किंवा तीच फाइल दोनदा जोडली गेली आहे. डुप्लिकेटेड वापरून दुसरी शक्यता तपासा. गट असतील तर ग्रुपबायने लूप फिरवून प्रत्येक गटासाठी वेगळा प्लॉट काढा. प्रत्येक गटाला वेगळा कॉलम देणारा पिव्हटही चालतो, पण गटांचे एक्स एकसारखे नसतील तर मधे रिकाम्या जागा पडतात आणि रेघाच नाहीशा होतात. ग्रुपबाय जास्त भरवशाचा.

मधेच लांब सरळ रेघ दिसते, तिथे बहुधा नोंदी गायब असतात. नॅन, म्हणजे 'इथे आकडा नाही' अशी किंमत, आला की मॅटप्लॉटलिब रेघ तोडतं. पण आलेखाआधी ड्रॉपएनए चालवलं की ते नॅनच निघून जातात आणि दोन टोकं जोडली जातात. ड्रॉपएनएची ती ओळ काढून टाका. गायब दिवसांच्या ओळीच नसतील तर तारखेचा इंडेक्स करून ॲसफ्रेक 'डी' लावा, म्हणजे त्या दिवसांवर नॅन येईल. दोन नॅनच्या मधे अडकलेला एकटा बिंदू मार्करशिवाय दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. रेघ खोल खाली जाऊन परत येत असेल तर गायब नोंदीच्या जागी लिहिलेली -९९९ सारखी खूण शोधा. फाइल वाचतानाच एनए व्हॅल्यूजमध्ये ती सांगता येते.

रेखांश १७९ वरून -१७९ वर गेला की नकाशाभर आडवी रेघ पडते. लागोपाठच्या किमतींतला फरक १८० पेक्षा जास्त आहे अशा जागा डिफ आणि ॲब्सने शोधा आणि तिथे इन्सर्टने दोन्ही ॲरेंत नॅन घुसवा. आहे ती किंमत पुसून नॅन लिहिलं तर खरा बिंदू जातो. ॲरे पूर्णांकांचा असेल तर आधी फ्लोट करा. पूर्णांकांत नॅन मावत नाही.

मुळात फक्त बिंदूच हवे असतील तर लाइनस्टाइल 'नन' आणि सोबत मार्कर द्या. मार्कर विसरलात तर आलेख कोरा दिसेल. बिंदूंवर त्रुटीची मर्यादा दाखवणारा एररबारही मुळात बिंदू जोडतो. त्याला एफएमटी 'ओ' पुरतं. नूप्लॉट या दुसऱ्या आलेख-प्रोग्रॅममध्ये डेटा फाइलमधली एक रिकामी ओळ रेघ तोडते.