कोरीवकाम शिकताय? आधी दोनच पटाश्या घ्या

बारा पटाश्यांचा स्वस्त सेट घेऊ नका. मी घेतला होता. त्यातल्या आठ अजून तेलकट कागदातच आहेत, आणि उरलेल्यांची धार पहिल्याच संध्याकाळी गेली. त्याच पैशात चांगल्या पोलादाच्या दोन घ्या: एक सपाट 12 मिमीची, एक गोल 6 ते 8 मिमीची. सोबत पटाशीवर ठोकायला लाकडी मोगरी, 1000 नंबरचा धारेचा दगड आणि जुन्या पट्ट्याचं चामडं. काम थांबवून मधूनमधून पातं चामड्यावर धारेच्या उलट दिशेने ओढत घासायचं. धार आली का? लाकडाच्या टोकाकडच्या बाजूवर आडवा काप घ्या. काप गुळगुळीत, चकचकीत निघाला तर आली. पांढरट, कुस्करलेला दिसला तर पुन्हा दगडावर.

लाकूड मात्र शिवणच. मऊ, एकसारखं, सहसा फाटत नाही. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत, तोही हलका आणि मऊ. पण वखारीत सहज मिळेलच असं नाही. सागाच्या मोहात पडू नका. महाग तर आहेच, शिवाय त्यातल्या वाळूसारख्या कणांनी धार लवकर मरते. बाभूळ तर नकोच! वखारीत गाठी नसलेला, वाळलेला तुकडा मागा. ओलं लाकूड कोरायला सोपं, पण वाळताना तडकतं.

कोरताना तुकडा क्लॅम्पने टेबलाला आवळा. मोकळा हात पात्याच्या पुढे कधीही नको. लाकडाचे तंतू उपटून यायला लागले तर जोर लावू नका, उलट्या दिशेने कोरा.