थर्मोडायनॅमिक्सची सोडवलेली उदाहरणं कुठे मिळतील?

नवं कोरं पुस्तक घेण्याआधी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर एक चक्कर मारा. इंजिनिअरिंगचे गठ्ठे असतात, भावही करता येतो. पुस्तक उघडून थेट ‘पहिला नियम’ या प्रकरणावर जा. उदाहरण पायरीपायरीने, एककांसकट सोडवलेलं असेल तरच घ्या. नुसती शेवटी उत्तरं असतील तर ठेवून द्या, सुरुवातीला त्यांचा उपयोग नाही.

फार जुनी आवृत्ती असेल तर एकक तपासा. वाफेची सुप्त उष्णता (उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागणारी) ५४० दिसली तर ती दर किलोमागे किलोकॅलरीत आहे. आजच्या कोष्टकात तीच २२५७ किलोज्यूल असते.

दुसरी गोची चिन्हांची, आणि यात भलेभले आपटतात. वायूला ५० किलोज्यूल उष्णता दिली, त्याने २० किलोज्यूल कार्य केलं. मेकॅनिकलवाले ५० वजा २० लिहितात. केमिस्ट्रीवाले कार्यच उणे २० धरून बेरीज करतात. आंतरिक ऊर्जेतली वाढ दोन्हीकडे ३०च. म्हणून पुस्तक कुठल्या पंथाचं आहे ते आधी बघून पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

फुकटात हवं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. त्यात उदाहरण आलं की व्हिडिओ थांबवायचा, आधी स्वतः सोडवायचं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पुस्तकातलं उत्तर पासाने झाका आणि एकेक ओळ खाली सरकवत जा. ठाणे ते दादर दोन गणितं आरामात होतात. उभं असाल तर मात्र नाद सोडा.